ओंडक्यावरची पोवळी

जुलै सरत आला की चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या गोदामाच्या मागच्या अंगाला जाऊन पाहावं. रिकामी पॅलेट आणि मोडक्या लाकडी पेट्यांची थप्पी तिथे पावसात भिजत पडलेली असते. तळाच्या फळ्यांच्या फटींतून केशरी-पिवळे, बोटाच्या पेराहूनही लहान असे चपटे फाटे ओळीने वर आलेले दिसतात. पिंपरी-चिंचवडच्या टेकड्यांवर आडव्या पडलेल्या जुन्या खोडावर काळी, टोकाला पांढरी भुकटी माखलेली शिंगं उगवतात. आणि पार कुजून पाण्याने गच्च झालेल्या बुंध्यावर एखाद्या सकाळी काचेसारखे पांढरट तुरे दाटीने उभे असतात. दोन दिवसांनी त्यांचा मागमूसही उरत नाही.

तिन्ही पाहताना मनात समुद्रातलं पोवळंच येतं. पण ही तिघं एकमेकांची फार तर दूरची नातलग आहेत, आणि तिसरं तर बुरशीसुद्धा नाही. पोवळ्यासारखा आकार निसर्गात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत घडला आहे. म्हणून आकार पाहून नाव ठरवू गेलं की हमखास चूक होते. त्याऐवजी आधी लाकूड, मग गर आणि शेवटी बीजाणू अशा क्रमाने तपासत गेलं, तर घरातल्या साध्या साधनांनीही आपण बरेच खोलवर पोचतो. हा क्रम पावसाळ्यात टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला यावा असं मला मनापासून वाटतं, कारण ओंडक्यावर काय उगवलंय हे ज्याला कळतं त्याला त्या ओंडक्याची किंमतही कळते.

आकार एक, घराणी अनेक

लिनियसने १७५३ मध्ये ‘क्लॅव्हेरिया’ ही प्रजाती मांडली तेव्हा दांडक्यासारख्या किंवा फांद्या फुटलेल्या बुरशा तिच्यात घातल्या गेल्या. पुढे जवळपास दोनशे वर्षं ती प्रजाती फुगतच राहिली. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम केलेले इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९५० मध्ये या गटावर मोठा ग्रंथ लिहिला. बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसतात, त्यांच्या भिंती पातळ आहेत की जाड, ते एकाच प्रकारचे आहेत की दोन-तीन प्रकारचे, यावर त्यांनी वर्गीकरण उभं केलं. भारतात पंजाब विद्यापीठाचे कर्तारसिंग थिंड यांनी हिमालयातल्या संग्रहाच्या आधारे भारतातल्या क्लॅव्हेरिया कुळावर पुस्तक लिहिलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९६१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर डीएनएचा अभ्यास आला आणि जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या. ‘रामारिया’ एका गणात गेली, ‘क्लॅव्ह्युलिना’ दुसऱ्या. लाकडावर वाढणारी ‘आर्टोमायसिस’ ही दिसायला अस्सल पोवळं, पण तिचे जवळचे आप्त निघाले ते ‘रुस्सुला’ नावाच्या छत्रीवाल्या अळंब्या.

मग इतक्या वेगवेगळ्या जीवांनी हाच आकार का घेतला? अळंबी म्हणून आपल्याला जे दिसतं ते बुरशीचं फळ असतं. खरी बुरशी लाकडाच्या आत तंतूंच्या जाळ्याने पसरलेली असते. फळाचं काम एकच, बीजाणू तयार करून हवेत सोडायचे. बीजाणू तयार होतात पृष्ठभागावर. तेव्हा थोडक्या गरात जास्तीत जास्त पृष्ठभाग हवा आणि तो पालापाचोळ्याच्या वर, हवेची हालचाल असलेल्या थरात न्यायला हवा. छत्रीवाल्या अळंबीने हे टोपीखाली पाती रचून साधलं. पोवळ्यासारख्या बुरशीने फांद्या फोडून साधलं. तिच्या फांद्यांच्या सगळ्या बाजूंवर बीजाणू तयार होतात. मात्र छप्पर नसल्याने ऊन, वारा आणि पावसाचा मार तिला थेट बसतो. त्यामुळे ती शोधायची तर सावलीत, ओलाव्यात, ओंडक्याच्या कुशीला किंवा दगडांच्या आडोशाला शोधावी.

पहिला प्रश्न लाकडाला

फांद्या दिसल्या की नजर त्यांच्यावरच खिळते. पण सुरुवात खालून करावी. बुरशी नेमकी कशावर उभी आहे? ओंडक्यावर, ओंडक्याजवळच्या मातीत, की पानांच्या थरावर? मातीतून वर आलेली दिसली तरी चाकूच्या टोकाने हलकेच उकरून पाहावं. अनेकदा दोन-तीन इंच खाली पुरलेली फांदी किंवा मूळ निघतं आणि मग जमिनीवरची वाटणारी बुरशी लाकडावरची ठरते. हा फरक मोलाचा आहे. मातीतल्या पोवळ्यासारख्या बुरशांपैकी पुष्कळ प्रकार जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात. ओंडक्यावरच्या बहुतेक बुरशा लाकूड कुजवून जगतात.

लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज हे लांब दोरे, तर लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवणारं, पचायला अत्यंत कठीण असं द्रव्य. काही बुरशा लिग्निनसकट सगळं फोडतात. मग लाकूड फिकट, पांढरट, रेषारेषांचं आणि ओलं असताना स्पंजासारखं मऊ होतं. याला पांढरी कुज म्हणतात. काही बुरशा सेल्युलोज काढून घेतात आणि लिग्निन जवळजवळ तसंच सोडतात. मग लाकूड तपकिरी होतं, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात आणि बोटांनी दाबलं की त्याची भुकटी होते. ही तपकिरी कुज. ओंडक्याचा तुकडा मोडून यातलं काय आहे ते पाहिलं की उमेदवारांची यादी निम्म्यावर येते.

लाकूड कोणत्या झाडाचं आहे हेही टिपून ठेवावं. या पट्ट्यात रस्त्याकडेला गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर, टेकड्यांवरच्या लागवडीत गिरिपुष्प, सुबाभूळ आणि निलगिरी, तर गावांजवळ आंबा, बाभूळ, वड-पिंपळ. कारखान्यांतली पॅकिंगची फळी बहुधा पाइनची किंवा इतर मऊ लाकडाची असते. पाइनच्या फळीवरची बुरशी आणि आंब्याच्या बुंध्यावरची बुरशी एकच असण्याची शक्यता कमी.

तीन उमेदवार

आपल्या भागात कुजक्या लाकडावर पोवळ्यासारखं काही दिसलं, तर सर्वांत आधी तीन शक्यता तपासाव्यात.

पहिली शक्यता केशरी. तिचं नाव ‘डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलॅरिया’. जगाच्या उष्ण प्रदेशांत ती सगळीकडे आढळते आणि रंधलेल्या, कापलेल्या लाकडावर तिचं विशेष प्रेम. फळ्या, कुंपणाचे खांब, बाकं, पॅलेट यांच्या भेगांतून ती ओळीने उगवते. उंची एक-दोन सेंटिमीटर. खाली बारीक देठ आणि वर चपटं, चमच्याच्या टोकासारखं किंवा फाटे फुटलेलं पातं. बोटात धरली की ती लवचिक, जेलीसारखी लागते. ऊन पडलं की आकसून गडद केशरी, कडक होते आणि पुन्हा पाऊस आला की फुगून पहिल्यासारखी उभी राहते. तिची नातलग ‘कॅलोसेरा कॉर्निआ’ हीसुद्धा पिवळी आणि जेलीसारखीच, पण पात्याऐवजी टोकदार सुया असाव्यात तशी. तिला फाटे क्वचितच फुटतात. दोघींच्या बीजाणू धरणाऱ्या पेशींना दोन लांब बाहू असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. एवढ्या एका खुणेवर हा सगळा गण ओळखता येतो. दोघीही तपकिरी कुजीच्या कुळातल्या.

पॅलेटवर ही बुरशी दिसली की कारखान्यातल्या माणसाला स्वाभाविक प्रश्न पडतो: या लाकडावर तर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का आहे, मग बुरशी आली कशी? निर्यातीच्या लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ मध्ये आला. त्यानुसार लाकडाचा गाभासुद्धा सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअसला तापवावा लागतो आणि मग फळीवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ अशी अक्षरं उमटतात. हा नियम आहे लाकूड पोखरणारे किडे आणि सूत्रकृमी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी. भट्टीतून बाहेर आलेल्या फळीवर नंतर हवेतून बीजाणू पडले आणि फळी भिजत राहिली, तर बुरशी येणारच. शिक्का खोटा आहे असा अर्थ त्यातून काढू नये. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशांना वाढता येत नाही. पॅलेट विटांवर उंच ठेवणं, वर पत्रा असणं आणि हवा खेळती असणं एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. या केशरी बुरशीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्यापासून मिळणारे ग्लायकोलिपिड हे पदार्थ शीतपेयं टिकवण्यासाठी वापरायला युरोपीय संघाने २०२२ मध्ये परवानगी दिली. आपल्या गोदामामागे उगवणारी हीच बुरशी दुसरीकडे मुद्दाम वाढवली जाते.

दुसरी शक्यता काळी. ही ‘झायलेरिया’. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची शिंगं वरच्या टोकाला पांढरी असतात. बोट लावलं की पांढरी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे अलैंगिक पद्धतीने तयार झालेले बीजाणू. पुढे शिंग पूर्ण काळं होतं, त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि भिंगातून बारीक बारीक पुळ्या दिसतात. त्या पुळ्यांच्या आत लैंगिक बीजाणू पिशव्यांत भरलेले असतात. शिंग मोडून पाहणं ही सर्वांत सोपी परीक्षा: बाहेर कोळशासारखं काळं कवच आणि आत पांढरा, चिवट, जवळजवळ लाकडासारखा गर. पोवळ्यासारख्या इतर कोणत्याही बुरशीत हा मेळ असा मिळत नाही. तिच्या काही जाती फांद्या न फुटता जाड बोटांसारख्या वाढतात आणि जमिनीलगतच्या ओंडक्यातून वर आल्या की पाहणारा दचकतो.

झायलेरिया जिथे राहते ते लाकूड फोडलं तर आत शाईने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात. एका बुरशीने दुसऱ्या बुरशीला दूर ठेवण्यासाठी घातलेल्या त्या कुंपणाच्या भिंती असतात. एकाच ओंडक्यात अशा अनेक वसाहती शेजारी शेजारी असतात, आणि रेघांचा नकाशा पाहून कोणाचा मुलूख कुठपर्यंत आहे हे सांगता येतं. झायलेरियाच्या अनेक जाती झाड जिवंत असताना त्याच्या पानांत आणि फांद्यांत मुक्कामाला असतात. झाडाला त्रास न देता थांबतात आणि झाड पडलं की सर्वांआधी कामाला लागतात. काही जाती वाळवीच्या वारुळाशी बांधलेल्या आहेत. वाळवी आपल्या वारुळात ‘टर्मिटोमायसिस’ ही बुरशी जोपासते. आपल्याकडे पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी तीच. वाळवीची वसाहत नांदती असेपर्यंत झायलेरियाला डोकं वर काढता येत नाही. वाळवी वारूळ सोडून गेली की झायलेरिया त्या बुरशीच्या जुन्या पोळ्यांचा ताबा घेते आणि जमिनीतून बारीक काळ्या काड्या वर येतात. मोकळ्या माळावर अशा काड्या दिसल्या तर खाली एक ओसाड वारूळ आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरी शक्यता पांढरी आणि अल्पायुषी. हिचं नाव ‘सेराशिओमिक्सा फ्रुटिक्युलोसा’, आणि ही बुरशी नव्हे. ही अमीबाच्या गोतावळ्यातली, ज्यांना आपण स्लाइम मोल्ड म्हणतो त्यांच्याजवळची. आयुष्याचा बराच काळ ती ओल्या लाकडाच्या आत सरपटत्या पातळ गोळ्याच्या रूपात, तिथले जिवाणू खात राहते. मग हवामान जुळलं की लाकडाच्या पृष्ठभागावर येऊन काही मिलिमीटर उंचीचे अर्धपारदर्शक खांब उभे करते. भिंगातून पाहिलं तर खांबांवर दव गोठल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे केसाहून बारीक देठावर बसलेला एक बीजाणू. बोट लागताच हे खांब विरघळल्यासारखे मोडतात. त्यात तंतूंचा गर नसतो, ओढलं तर चिवटपणा नसतो. म्हणून याचं निदान जागेवरच करावं आणि छायाचित्र तिथेच घ्यावं. घरी नेईपर्यंत हाती फक्त ओला डाग उरतो.

खरी पोवळी

वरचे तिन्ही उमेदवार बाद झाले, गर पांढरट किंवा पिवळट, ठिसूळ किंवा थोडा चिवट निघाला आणि फांद्या पुन्हा पुन्हा दुभंगत गेल्या असतील, तर मग खऱ्या पोवळ्यासारख्या बुरशांकडे वळावं. लाकडावर वाढणाऱ्या अशा बुरशांत आर्टोमायसिस प्रसिद्ध आहे. तिच्या फांदीचं टोक बारीक दात असलेल्या मुकुटासारखं असतं आणि त्या मुकुटाच्या कडेवरून पुढची फांद्यांची फेरी उगवते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. ‘रामारिया स्ट्रिक्टा’ हीसुद्धा लाकडावरची. तिच्या फांद्या फाटे फुटूनही एकमेकींना समांतर, सरळ वर जातात आणि बुंध्याशी पांढऱ्या तंतूंच्या दोऱ्या लाकडात शिरलेल्या दिसतात. या दोन्ही मुख्यतः थंड, समशीतोष्ण जंगलांतल्या. भारतात त्यांचं घर हिमालय. सह्याद्रीत खऱ्या पोवळ्यासारख्या बुरशा अधिक करून जंगलातल्या जमिनीवर, पालापाचोळ्यात आणि पुरलेल्या काटक्यांवर भेटतात. ‘टेरुला’च्या जाती तर केसांच्या जुडग्यासारख्या बारीक असतात. त्यांच्या कुळातल्या काही बुरशांची शेती अमेरिका खंडातल्या ‘अप्टेरोस्टिग्मा’ मुंग्या करतात, जशी आपल्याकडे वाळवी करते.

चाकू, भिंग आणि काळा-पांढरा कागद

लागणारं सामान थोडं आहे: लहान चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, कागदी पाकिटं आणि वही. मोबाइलचा कॅमेरा असतोच. छायाचित्रं किमान चार घ्यावीत. एक लांबून, ओंडका आणि परिसर दिसेल असं. एक बाजूने, उंची कळावी म्हणून मोजपट्टीसह. एक टोकांचं, अगदी जवळून. आणि एक उभं चिरल्यावर आतल्या गराचं. वहीत रंग लिहावा, ताज्या फळाचा आणि चिरल्यानंतर दहा मिनिटांनी झालेला, कारण काही बुरशा हाताळल्यावर रंग बदलतात. वास लिहावा. गर जेलीसारखा, ठिसूळ, चिवट की लाकडासारखा, तेही लिहावं. चव मात्र घेऊ नये.

घरी आल्यावर बीजाणूंचा ठसा घ्यावा. कागदाचा अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा ठेवून त्यावर बुरशीची फांदी आडवी ठेवावी, शेजारी ओल्या कापसाचा छोटा बोळा ठेवावा आणि वर काचेचा पेला पालथा घालावा. रात्रभरात फांदीखाली भुकटीचा थर जमतो. पांढरे बीजाणू काळ्या बाजूवर उठून दिसतात, गेरूसारखे पिवळसर बीजाणू पांढऱ्या बाजूवर. रामारियाचा ठसा पिवळसर येतो. आर्टोमायसिस, क्लॅव्हेरिया आणि क्लॅव्ह्युलिना यांचा पांढरा. एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या दोन बुरशा या एका ठशाने वेगळ्या होतात. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं. आयोडीनच्या विशिष्ट द्रावणात आर्टोमायसिसचे बीजाणू निळसर-काळे होतात, क्लॅव्हेरियाचे होत नाहीत. बहुतेक वनस्पतिशास्त्र विभागांत एवढी सोय असते.

नमुना जपायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. काही तासांत त्याचा चिखल होतो. कागदी पाकिटात घालून चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत वाळवावा. पाकिटावर ठिकाण, तारीख, झाडाचं नाव आणि ताज्या अवस्थेतला रंग लिहिलेला असावा. ही माहिती नसलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नसतो.

खाण्याबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पोवळ्यासारख्या बुरशा निर्धोक असतात असा समज चुकीचा आहे. ‘रामारिया फॉर्मोसा’ खाल्ल्याने उलट्या-जुलाब होतात. जपान आणि कोरियात आढळणारी ‘ट्रायकोडर्मा कॉर्नू-डामी’ ही लालभडक, पोवळ्यासारखी बुरशी खाऊन माणसं दगावली आहेत. ती शिजवूनही निर्धोक होत नाही आणि तिच्या रसाने त्वचेलाही इजा होते. या लेखातल्या खुणा ओळखीसाठी आहेत. त्यांच्या भरवशावर कोणतीही बुरशी ताटात येऊ नये.

या मातीतली विद्या

बुरशांच्या अभ्यासाची मोठी परंपरा या पट्ट्याच्या अगदी शेजारी आहे. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव १९९२ मध्ये संस्थेला देण्यात आलं आणि ती आघारकर संशोधन संस्था झाली. तिथल्या आजरेकर कवक संग्रहालयात वाळवलेले नमुने जपले आहेत, तर राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रहात जिवंत बुरशा. दूरच्या जंगलात सापडलेली बुरशी कोणत्या जातीची आहे हे ठरवायला असे जुने, नोंदींसह ठेवलेले नमुनेच शेवटी कामी येतात.

खुद्द पिंपरीची ओळखही सूक्ष्मजीवांनी घडवली आहे. मोटारींचे कारखाने येण्याआधी, १९५४ मध्ये, इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना पेनिसिलिन बनवू लागला, म्हणजे बुरशीच्या पेशींना मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढू लागला. पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं. १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची कोरली गेली. बुरशांच्या रसायनांनी तर द्राक्षबागांपर्यंत मजल मारली आहे. नाशिक-सांगलीचे बागायतदार फवारतात ते अॅझोक्सिस्ट्रोबिन ज्या स्ट्रोबिल्युरिन रसायनांवरून बेतलं गेलं, ती १९७७ मध्ये जर्मनीत एका लहानशा अळंबीतून वेगळी केली गेली होती. कुजत्या लाकडावर शेजाऱ्याशी झुंजताना बुरशी जी रसायनं सोडते, त्यांतून माणसाला औषधं मिळतात. ओंडक्यातल्या त्या काळ्या रेघांकडे अशा नजरेनेही पाहावं.

ओंडका राहू द्या

या पट्ट्यात पाऊस फार झपाट्याने बदलतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. पुण्याच्या बाजूला येता येता तो सातशेच्या आसपास उतरतो. त्यामुळे पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये लाकडावरच्या बुरशांचा हंगाम जुलै-ऑगस्टच्या झडीपुरता असतो, तर मावळच्या पश्चिमेला आणि भीमाशंकरच्या रानात तो ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्याच पश्चिम टोकाला भीमाशंकरचं अभयारण्य आहे, १९८५ मध्ये घोषित झालेलं. तिथल्या कुजक्या लाकडावर पावसाळी रात्री हिरवट उजेड देणाऱ्या ‘मायसीना’ अळंब्या पाहायला लोक जातात. अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. तिथे कॅमेरा आणि वही एवढंच पुरेसं आहे.

भीमाशंकरात किंवा मावळ-मुळशीच्या देवरायांत बुरशांची एवढी गर्दी का, याचं एक कारण पाऊस आणि दुसरं तितकंच मोठं कारण तिथली शिस्त. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनी नोंदवलेल्या प्रथांमध्ये एक होती: देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. देवाच्या नावाने पाळलेल्या या नियमामुळे पडलेलं झाड जागच्या जागी कुजतं. पहिल्या वर्षी सालीखालच्या बुरशा, मग लाकूड फोडणाऱ्या, मग भुसभुशीत झालेल्या गाभ्यातले सेराशिओमिक्सासारखे जीव, त्यांच्या मागोमाग भुंगेऱ्यांच्या अळ्या, गोम, विंचू आणि त्यांना खाणारे पक्षी. मोठा ओंडका माती होईपर्यंत अनेक वर्षं हा क्रम चालतो आणि प्रत्येक टप्प्याची बुरशी वेगळी असते.

शहरात नेमकं हेच घडत नाही. वादळात गुलमोहर पडला की त्याच दिवशी करवत लागते. रस्ता मोकळा व्हायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोडाचे तुकडे वखारीत किंवा कचराडेपोत जातात आणि टेकडीवरची वाळकी लाकडंही ‘स्वच्छता’ म्हणून गोळा होतात. उद्यानाच्या, गृहनिर्माण संस्थेच्या, शाळेच्या किंवा कारखान्याच्या आवारातल्या एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात, इमारतीच्या लाकडी कामापासून दूर, दोन-तीन जाड ओंडके जमिनीला टेकून ठेवले तर काहीही खर्च येत नाही. त्यावर पाटी लावावी: झाडाचं नाव आणि ओंडका ठेवल्याची तारीख. दर पावसाळ्यात मुलांनी तिथे काय उगवलं ते लिहावं, चार छायाचित्रं घ्यावीत, एक ठसा काढावा. पहिल्या पावसाळ्यात कदाचित केशरी पाती येतील, पुढे काळी शिंगं, आणि लाकूड पुरेसं मऊ झाल्यावर पांढरे तुरे.

पिंपरी-चिंचवडमध्ये बुरशांच्या अशा वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या दहा शाळा जरी तयार झाल्या, तरी आघारकर संस्थेसारख्या ठिकाणच्या अभ्यासकांना शहरातल्या कुजीच्या क्रमाबद्दल भरवशाची सामग्री मिळेल. आणि जी मुलं लाकूड मोडून पांढरी कुज आणि तपकिरी कुज वेगळी ओळखतील, त्यांना पडलेल्या झाडाकडे कचरा म्हणून पाहणं जमणार नाही. त्यासाठी या पावसाळ्यात आपल्या आवारात एक ओंडका ठेवावा.